चेष्टा कोरो, बोइदेही

कोलकात्याहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, मासे खाल्लेस का? मी मासे खात नाही हे वीस वर्षं माहीत असलेली माणसंसुद्धा विचारतात. मग मी आमचा शो कसा झाला ते सांगायला घेतलं की त्यांना नेमका कुणाचा तरी फोन येतो. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे. ज्यांना मासेच हवे आहेत त्यांनी इथेच थांबावं.

आधी आम्ही काय करतो ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही. आम्ही पुण्यातले पाच जण इम्प्रॉव्ह करतो. म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांतून कुणी एक जागा सांगतं, कुणी एक नातं सांगतं आणि आम्ही तिथल्या तिथे प्रवेश उभा करतो. लोक हसले तर ते विनोदी नाटक, नाही हसले तर प्रायोगिक. नियम एकच: समोरचा जे म्हणेल त्याला ‘हो’ म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला आपण होडीत आहोत, की आपण होडीत. पुण्याच्या माणसाला हे फार जड जातं. आमच्याकडे कुणी ‘चहा छान झालाय’ म्हटलं तरी ‘जरा उकळला जास्त’ म्हणायची पद्धत आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी यात पडले आणि ‘हो’ म्हणायला शिकण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं. पण एकदा जमलं आणि मग मला त्याचं वेडच लागलं. दिवसभर ऑफिसात हिशेब जुळवणाऱ्या बाईला संध्याकाळी कसलाच हिशेब नसलेली जागा मिळाली होती.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतरच्या पहिल्याच शोमध्ये आमच्यातली सई स्टेजवर अगदी सहज म्हणाली, “अगं, बाबा बोलावतायत तुला.” मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. शब्द नाही, आवाज नाही. समोर माणसं बसलेली दिसत होती आणि मी त्यांच्याकडे बघत उभी होते. शेवटी आमच्या ग्रुपचा म्होरक्या नचिकेत गॅस सिलिंडरवाला होऊन आत आला आणि त्याने प्रवेश ओढून नेला. लोकांना तो विनोद वाटला. पुढच्या दोन शोमध्ये पुन्हा तेच झालं. मग मी घरून वाक्यं तयार करून न्यायला लागले, जे आमच्या धंद्यात शिळ्या भाताला फोडणी देण्यासारखं आहे.

अशात कोलकात्याच्या एका बंगाली इम्प्रॉव्ह ग्रुपचं बोलावणं आलं. त्यांचा आणि आमचा एकत्र शो, आणि तिकडच्या मराठी मंडळींनी राहण्याजेवणाची सोय करायची. नचिकेत माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, पण मन राखणारा मुलगा आहे. म्हणाला, ताई, तिथे तू सूत्रसंचालन कर ना, तुझा आवाज छान आहे. मुलगी पसंत नसली की पाहुणे ‘पोहे छान होते’ म्हणून उठायचे, ते मला आठवलं. मी त्याला म्हटलं, तिथे गेल्यावर ठरवू. पण तिथेही जमलं नाही तर मी हे सोडणार, हेही सांगून टाकलं.

बोलावणं दुसऱ्या कुठल्या गावाहून आलं असतं तर कदाचित मी गेलेच नसते. पण माझी नऊ ते चौदा ही वर्षं कोलकात्यात गेलीत. बाबा रेल्वेत हिशेब खात्यात होते. भुसावळहून त्यांची बदली गार्डन रीचला झाली आणि आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहिलो. त्यानंतर त्या गावात मी पाऊल टाकलं नव्हतं. निघताना आई म्हणाली, क्वार्टर उभं आहे का तेवढं बघून ये.

न्यू टाउन

माझी सोय मुग्धाकडे होती. मुग्धा मूळची नाशिकची, नवरा आयटीत, आणि मुलगी रेवा इथेच जन्मलेली. न्यू टाउन मी लहानपणी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा ते नव्हतंच. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, मधूनच एखादं तळं. हिंजवडी म्हणून खपलं असतं, फक्त इथे तळ्याकाठी माणसं निवांत बसलेली होती. स्वेटरमध्ये न मावलेली थंडी माकडटोपीत कोंबलेली. थंडी म्हणजे आपल्याकडे पंखा बंद करतात तेवढीच. पण लहानपणी आई आम्हालाही अशीच टोपी चढवायची, आणि पुण्यात सुट्टीला आलो की सगळी भावंडं त्यावरून हसायची. विमानतळावरून येताना टोप्या मोजता मोजता मी दोनदा डोळे पुसले. माकडटोप्या बघून रडू येणारी मी पहिलीच बाई असेन.

संक्रांत जवळ आली होती. मुग्धाने हौसेने नोलेन गुडाचे तिळाचे लाडू करायला घेतले होते. नोलेन गुड म्हणजे थंडीत मिळणारा खजुराच्या रसाचा गूळ. वास असा की बरणी उघडली की शेजारी बेल वाजवतील. पण तो मऊ आणि हट्टी, आपल्या चिक्कीच्या गुळासारखा ताठ राहायला तयार नाही. वळलेले लाडू ताटात ठेवले की हळूहळू बसायचे आणि वड्या व्हायचे. मुग्धा दर वर्षी हे करते आणि दर वर्षी हेच होतं, असं तिच्या नवऱ्याने कौतुकाने सांगितलं. आम्ही ते चपटे लाडू चमच्याने खाल्ले.

शोच्या सुरुवातीला मराठीत स्वागत करायचं काम रेवाकडे होतं. वाक्य एकच, ‘सर्व रसिकांचे मनःपूर्वक स्वागत.’ ती ते ‘मोनोपूर्बोक’ म्हणत होती. रेवाचं मराठी घराच्या उंबऱ्याच्या आतलं. बाहेर पडली की हिंदी, इंग्रजी, बंगाली. मुग्धाने चौथ्यांदा तिला थांबवलं तेव्हा पोरीचे डोळे भरले आणि ती म्हणाली, “आई, मी चेष्टा करतेय ना!”

“चेष्टा कसली करतेस? नीट म्हण,” मुग्धा म्हणाली.

“तेच तर! खूप चेष्टा करतेय!”

मी हातातला चमचा खाली ठेवला. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मुग्धाला माहीत होतंच, फक्त रागाच्या भरात ते आठवलं नव्हतं. मला मात्र ते कधीच विसरता येण्यासारखं नव्हतं. आमच्या घरातली सगळ्यात मोठी गंमत त्या शब्दावर उभी होती. रेवाचे डोळे पुसत मी ती त्या दोघींना सांगितली.

शाळेत मी नवीन होते. बंगालीच्या मिस मला फळ्याजवळ बोलवायच्या, मला काही यायचं नाही, आणि त्या प्रेमाने म्हणायच्या, “चेष्टा कोरो, बोइदेही.” वैदेहीचं तिथे बोइदेही झालं होतं. आता वर्गात बाईच चेष्टा कर म्हणतात, हे मला जरा विचित्र वाटलं. पण मोठ्यांचं ऐकावं अशी शिकवण. मी मिसचा चष्मा नाकावरून घसरायचा ती नक्कल केली. वर्ग हसला. मिस चिडून म्हणाल्या, चेष्टा कोरो! मी म्हटलं, आणखी हवी दिसते. मग त्यांची चाल केली.

बाबांना शाळेत बोलावणं गेलं. बाबा शिस्तीचे, आणि ‘चेष्टा पुरे’ हे त्यांचं घरातलं रोजचं वाक्य. मिस त्यांना म्हणाल्या की तुमची मुलगी अजिबात चेष्टा करत नाही. बाबांना एवढं बंगाली समजलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते हिंदीत अभिमानाने म्हणाले, “घर में बहुत करती है। मैं रोज़ मना करता हूँ।” मिसना धक्का बसला. वडील असून तुम्ही मुलीला चेष्टा करू देत नाही? बाबा म्हणाले, थोडी चालते, पण लहान मुलांनी जास्त चेष्टा केलेली आमच्यात चांगली समजत नाहीत. मिस जवळजवळ रडायच्या बेतात आल्या. शेवटी त्या अभ्यासातली चेष्टा म्हणाल्या तेव्हा कुठे बाबा गप्प झाले, आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले. बाबा एरवी हसले तर फक्त खांदे हलायचे. त्या दिवशी मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. घरी येताना नदीकाठी थांबून ते पुन्हा एकदा हसले आणि मला म्हणाले, “आजपासून शाळेत चेष्टा करायची. घरी नाही.”

पुढे प्रत्येक परीक्षेच्या सकाळी ते म्हणायचे, “कर हो चेष्टा.” इम्प्रॉव्हचा माझा पहिला शो होता त्या दिवशीही म्हणाले होते.

बालीगंज

दुसऱ्या दिवशी तालीम होती. बालीगंजातल्या जुन्या घराचा वरचा मजला. हिरव्या झडपांच्या खिडक्या, लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, एका भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्या. दहाची तालीम, म्हणून आम्ही पुणेकर पावणेदहाला हजर. यजमान अकराच्या सुमारास एकेक करून आले, येताना मटाराच्या कचोऱ्या घेऊन. मग त्या कचोऱ्या कुठल्या दुकानातून आणायला हव्या होत्या यावर वाद झाला, मातीच्या भांड्यांतून चहा आला, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. नचिकेत सारखा घड्याळाकडे बघत होता. मला मात्र बरं वाटत होतं. लहानपणी आमच्या शेजारच्या घरात रविवारची सकाळ अशीच जायची. बाबा त्याला वेळेचा अपव्यय म्हणायचे आणि दर रविवारी जाऊन बसायचे.

त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ दीपंकरदा. गणिताचे निवृत्त शिक्षक, अंगावर शाल आणि डोक्यावर अर्थात माकडटोपी. ती टोपी म्हणजे त्यांचं सगळं सामान. काढून हातात धरली की मांजर, कानाला लावली की टेलिफोन. हिंदी बोलताना ते पुल्लिंग-स्त्रीलिंगाच्या भानगडीत पडत नाहीत.

माझा आणि त्यांचा एक प्रवेश झाला. पोस्ट ऑफिस, दोन कर्मचारी. मी आदल्या रात्री पोस्ट ऑफिसवर चालू शकेल असं एक वाक्य मनात तयार ठेवलंच होतं, तसं ते बाजारावर आणि दवाखान्यावरही होतं. ते मी टाकलं. लोक हसलेही. दीपंकरदा मात्र प्रवेश संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बोइदेही-दी, ये लाइन आप घर से लाया?”

चोरी पकडली गेली होती. मी मान हलवली.

“यहाँ घर का खाना मना है,” ते म्हणाले आणि उरलेली कचोरी माझ्यापुढे सरकवली.

मग खिडकीपाशी बसून मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा, सईचं ते साधं वाक्य, त्यानंतरची ती रिकामी जागा. स्टेजवर गप्प होण्याची भीती कशी असते हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगता येत नाही. शब्द सुचत नाहीत म्हणून भीती वाटते आणि भीती वाटते म्हणून समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. ऐकू आलं नाही की सुचणार काय? माणूस आपल्याच डोक्यात दार लावून बसतो.

दीपंकरदांनी दया दाखवली नाही, ते फार बरं झालं. त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. एकदा तेही असेच मुके झाले, तर जोडीदाराने त्यांना झाड ठरवलं. ते संपूर्ण प्रवेशभर हात वर करून उभे राहिले आणि सगळ्यात जास्त टाळ्या झाडाला पडल्या. “चुप हो गया तो हमारे तरफ़ देखना,” ते म्हणाले. “कुछ तो हम बना देगा।”

ऐकायला छान होतं. पण दुपारच्या फेरीत मी पुन्हा अडकले, तीनदा अडकले, आणि दीपंकरदा नेमके दुसऱ्या प्रवेशात होते. संध्याकाळी नचिकेतने काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, उद्या मी सूत्रसंचालन करते. त्याने बरं म्हटलं आणि माझी पिशवी उचलून घेतली. त्याला सुटल्यासारखं वाटलं असणार. मला तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

गार्डन रीच

शोच्या दिवशी सकाळी मी एकटीच गार्डन रीचला गेले. बसने अर्धा रस्ता, मग ऑटो. रस्त्याच्या एका बाजूला गोदीच्या भिंती, वर क्रेनची टोकं. हे सगळं लहानपणी फार अवाढव्य वाटायचं, आणि मला वाटलं होतं आता लहान वाटेल. पण क्रेन अजूनही अवाढव्यच होत्या.

क्वार्टर उभं होतं. पायऱ्या त्याच, रंग दुसरा, पेरूचं झाड नाही. चक्रधरपूरहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब तिथे राहतं. बाई दारात आल्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला की स्वयंपाकघरात खिडकीच्या वर गळतं, ते तुमच्या वेळी पण गळायचं का? गळायचं, मी म्हटलं. आमची आई तिथे पातेलं ठेवायची. त्यांनी बोट दाखवलं. तिथे पातेलं होतं. बदलीवाल्यांचं नातं असंच जुळतं. चहा घेऊनच जा म्हणाल्या, आणि मी व्हरांड्यात बाबांच्या जागी बसून तो घेतला.

या व्हरांड्यात बाबा संध्याकाळी बसून आईला ऑफिसातलं सांगत. नदीवर जहाजाचा भोंगा वाजला की बोलणं ऐकू यायचं नाही. दुसरा कुणी असता तर ओरडून बोलला असता किंवा विषय सोडला असता. बाबा उजव्या हाताचं एक बोट वर करायचे, तोंड अर्धवट उघडं ठेवायचे, आणि भोंगा संपेपर्यंत तसेच थांबायचे. मग बोट खाली घेऊन वाक्य जिथे तुटलं होतं त्याच अक्षरापासून पुढे सुरू. आई तेवढा वेळ हातातलं काम थांबवून उभी राहायची आणि भोंगा संपला की म्हणायची, “हं, पुढे?” आम्हा भावंडांना हसू फुटायचं, पण हसायची चोरी होती.

चहा संपला तरी मी नदीकडे कान लावून बसले. भोंगा काही वाजला नाही. वाजतो का हो अजून, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, वाजतो की, पण आता लक्ष कोण देतं.

पुन्हा बालीगंज

संध्याकाळी हॉल भरला. अर्धी माणसं बंगाली, अर्धी मराठी. बँकांतून, सरकारी कचेऱ्यांतून बदलीवर आलेली, न्यू टाउनची कंपनीवाली. रेवा पुढे आली, दीर्घ श्वास घेतला आणि ‘मनःपूर्वक’ अगदी स्वच्छ म्हणाली. ‘रसिकांचे’ मात्र ‘रोशिकांचे’ झालं. मुग्धाने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

मी माइक घेऊन बाजूला उभी होते. प्रवेश होत होते, लोक हसत होते, आणि मी प्रत्येक वेळी पुढे होऊन ‘आता आम्हाला एक जागा सांगा’ म्हणत होते. लग्नघरात आपल्याला फक्त अक्षता वाटायला ठेवलं आहे, असं वाटत होतं.

तिसऱ्या प्रवेशासाठी कुणीतरी शाळा म्हटलं, कुणी शिक्षक आणि पालक म्हटलं. दीपंकरदा खुर्ची ओढून बसले. टोपी काढून समोर ठेवली, ती बहुधा तपासायच्या वह्यांची चळत असावी. पालक म्हणून नचिकेत जाणार होता, तो बाही सावरत निघालाही होता. दीपंकरदांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सुस्कारा टाकला आणि कुठलाही बंगाली शिक्षक कुठल्याही पालकाला म्हणेल तेच वाक्य म्हटलं, “आपनार मेये एकदोम चेष्टा कोरे ना.”

तुमची मुलगी अजिबात चेष्टा करत नाही.

चेष्टेची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. ती फक्त मुग्धाला आणि रेवाला माहीत होती. मी नचिकेतच्या हातात माइक दिला आणि त्याच्या आधी जाऊन त्या खुर्चीत बसले. काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. फार तर आई होईन असं वाटलं होतं.

दीपंकरदांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मुलीला काहीतरी नाव हवं म्हणून त्यांनी माझंच वापरलं. “आप बोइदेही का बाबा है ना?”

झालं. तोच शब्द, तीच रिकामी जागा. माझं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि आत काही नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बाजूला नचिकेत आत यायच्या तयारीत होता, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मी दीपंकरदांकडे बघितलं, त्यांनी सांगितलं होतं म्हणून. आणि माझ्या उजव्या हाताचं एक बोट वर गेलं. मी उचललं नाही ते, आपोआप गेलं.

दीपंकरदांनी बोटाकडे पाहिलं. वर गेलेलं बोट म्हणजे बाहेर काहीतरी वाजतंय, असं त्यांनी ठरवलं असावं. मग नदीच्या दिशेला मान वळवली, गाल फुगवले आणि छातीतून आवाज काढला, “भोंऽऽऽ.”

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने हसले. मग सगळा हॉल. दीपंकरदा भोंगा सोडेनात. श्वास घेऊन पुन्हा वाजवला. मी बोट वर धरून, तोंड उघडं ठेवून बसले होते, आणि त्या आवाजाच्या आत मला कसलीही घाई नव्हती. एवढा मोठा भोंगा वाजत असताना कोण बोलणार? भोंगा संपला. मी बोट खाली घेतलं.

“जी हाँ,” मी म्हटलं. “मैं ही बाबा हूँ।”

तो आवाज माझा नव्हता. पुढे मला काही शोधावं लागलं नाही. घर में बहुत करती है। मैं रोज़ मना करता हूँ। मराठी माणसं आधी हसली, त्यांनी शेजारच्या बंगाली माणसांना कानात सांगितलं, मग ती हसली, आणि तोवर पुढचं वाक्य आलेलं होतं. दीपंकरदांना मराठी चेष्टेचा पत्ताच नव्हता. ते खरोखर हादरलेल्या मास्तरांसारखे मला समजावत होते की मुलांनी चेष्टा करायलाच हवी, सकाळ-संध्याकाळ करायला हवी, पाहुणे आले तरी करायला हवी. त्यांना लोक का हसतायत ते कळत नव्हतं, पण ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणत भर घालत होते.

शेवटी ते थकून म्हणाले, “तो हम बोइदेही को क्या बोलेगा?”

खऱ्या बाबांनी मला जे सांगितलं होतं ते मला तोंडपाठ होतं. शाळेत चेष्टा करायची, घरी नाही. पण मी खुर्चीच्या शेजारी पाहिलं, जिथे नऊ वर्षांची मुलगी उभी असती तिथे. हवेतच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीतच म्हटलं, “कर गं चेष्टा. शाळेत पण कर आणि घरी पण कर. मी नसलो तरी कर.”

नचिकेतने दिवे घालवायची खूण केली, ते बरं केलं. अंधारात मला तोंड पुसता आलं.

शोनंतर संदेश, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, आणि चहा. त्या गर्दीत दीपंकरदा टोपी घालून माझ्याजवळ आले. “आज आप घर का खाना लाया,” ते म्हणाले.

मी त्यांना आता चेष्टेची सगळी गोष्ट सांगितली, भोंग्याचीही. ऐकता ऐकता त्यांनी टोपी पुन्हा काढली. “बाबा के घर का था?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “तब तो चलेगा,” ते म्हणाले आणि संदेशाची बशी माझ्यापुढे धरली. निघताना बंगाली माणूस जातो म्हणत नाही, ‘आशी’ म्हणतो, म्हणजे येतो. आपल्यासारखंच. मीही त्यांना तेच म्हटलं.

जिन्यात नचिकेतने विचारलं, पुढच्या महिन्यातल्या शोला सूत्रसंचालन कोण करणार? मी म्हटलं, तुझा आवाज छान आहे.

नदीकाठी

विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मी पुन्हा गार्डन रीचच्या नदीकाठी गेले, झालमुडीचा, म्हणजे तिकडच्या भेळेचा, पुडा घेऊन बसले आणि आईला फोन लावला. क्वार्टर उभं आहे, पेरू नाही, गळती आहे, असं क्रमाने सांगितलं. गळती अजून आहे हे ऐकून आईला फार समाधान वाटलं. तिथे पातेलं आहे ना, असंही विचारलं. फोनवर क्षणभर शांतता झाली की आई ‘हॅलो हॅलो’ करून घर डोक्यावर घेते, म्हणून मी न थांबता बोलत होते. मग शोचं सांगायला घेतलं.

“आई, काल ना स्टेजवर मी बा…”

आणि नदीवर भोंगा वाजला. खराखुरा, लांबलचक, पाण्यावरून घुमत आलेला. शेंगदाणे टिपायला आलेले कावळे उडाले. माझं बोट वर गेलं. फोनवर ते कुणाला दिसणार होतं? पण मी तशीच थांबले.

पलीकडून एकदाही हॅलो आलं नाही. भोंगा वाजत राहिला आणि आई पुण्यात शांत राहिली. ती स्वयंपाकघरात उभी असेल, हातातलं काम थांबवून.

भोंगा संपला.

“हं,” आई म्हणाली, “पुढे?”